आधी हात बोलतात

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात केप कॉड नावाची जमिनीची एक चिंचोळी पट्टी समुद्रात शिरली आहे. तिथल्या हायनिस गावात १९९० च्या ऑक्टोबर महिन्यात मोकळ्या हिरवळीवर एक दोरी बांधली होती आणि तिच्यावर ३१ शर्ट वाळत घातले होते. वाळत घातले म्हणायचं इतकंच, कारण ते धुतलेले नव्हते, रंगवलेले होते. कुणी त्यावर ब्रशने काही लिहिलं होतं, कुणी कापडाचे तुकडे शिवले होते, कुणी नुसताच रंग फासला होता. शर्ट करणाऱ्या बायका हिंसा सोसून बाहेर आलेल्या होत्या किंवा जी बाहेर येऊ शकली नाही तिच्या जवळच्या होत्या.

त्याआधी त्या भागातल्या काही कार्यकर्त्या बायकांच्या वाचनात एक हिशेब आला होता. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेचे सुमारे ५८ हजार सैनिक मेले आणि त्याच काळात खुद्द अमेरिकेत सुमारे ५१ हजार बायका अशा पुरुषांच्या हातून मेल्या, ज्यांचं म्हणे त्यांच्यावर प्रेम होतं. सैनिकांसाठी वॉशिंग्टनमध्ये काळ्या दगडाची नावं कोरलेली भिंत उभी राहिली. या बायकांसाठी कुठे एक फरशीही नव्हती. या गटातल्या रेचल केरी-हार्पर या चित्रकार. एड्सने गेलेल्यांच्या आठवणीत माणसांनी तुकडा तुकडा जोडून शिवलेली ती अवाढव्य गोधडी त्यांना ठाऊक होती. त्यावरून त्यांनी कपडे वाळत घालायची दोरी सुचवली. कारण अगदी घरगुती होतं. धुणं हे पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या वाट्याचं काम, आणि परसातल्या दोरीपाशी उभं राहूनच तर शेजारणी एकमेकींना मनातलं सांगत आल्या आहेत.

शर्टांच्या रंगांना अर्थ दिले गेले. जिवे मारल्या गेलेल्या बाईसाठी पांढरा. घरात मार खाल्लेलीसाठी पिवळा. बलात्कार किंवा लैंगिक हल्ला सोसलेलीसाठी लाल, गुलाबी, नारिंगी. लहानपणी घरातल्याच माणसाने अत्याचार केला असेल तर निळा किंवा हिरवा. ‘क्लोथ्सलाइन प्रोजेक्ट’ या नावाने हा उपक्रम पुढे कितीतरी गावांत आणि देशांत गेला. मला त्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते ती ही रंगांची यादी. जिला एक अक्षरही लिहायचं नाही, नाव सांगायचं नाही, ती ढिगातून पिवळा शर्ट उचलू शकते आणि कोरा टांगू शकते. तिची साक्ष पूर्ण झाली. कधी, कुठे, किती वेळा, तू काय केलं होतंस, असं कुणी तिला विचारत नाही.

आपल्याकडे हे प्रश्न पहिल्या मिनिटाला येतात. माहेरी गेली तर आई विचारते, चौकीत गेली तर हवालदार विचारतो, कोर्टात समोरचा वकील तर विचारायलाच बसलेला असतो. मग बाई गप्प बसते. २०१९-२१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी २९.३ टक्के बायकांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं; महाराष्ट्रात हा आकडा २५.२ टक्के होता. म्हणजे चौघींत एक. त्याच पाहणीतला दुसरा आकडा मला जास्त अस्वस्थ करतो. देशभरात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी कुठे ना कुठे मदत मागणाऱ्या फक्त १४ टक्के. मदत मागणं तर सोडाच, पण कुणाला कधी सांगितलंही नाही, अशा ७७ टक्के.

या गप्प बसण्याची कारणं आपल्याला पाठ आहेत. मुलं लहान आहेत, हातात पैसा नाही, भावजय काय म्हणेल, लोक काय म्हणतील, ‘दिल्या घरी सुखी राहा’ हे तर लग्नाच्या मांडवातच कानात पडलेलं. पण आणखी एक कारण आहे, आणि ते तिच्या स्वभावात किंवा परिस्थितीत नसून मेंदूच्या कामकाजात आहे.

१९९६ मध्ये अमेरिकेत स्कॉट राउश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यांत बेसेल व्हॅन डर कोक हे मनोविकारतज्ज्ञही होते, जबर आघातातून गेलेल्या आठ माणसांच्या मेंदूचे आलेख काढले. प्रत्येकाला त्याच्याच आयुष्यातल्या त्या प्रसंगाचं वर्णन ऐकवलं आणि त्या वेळी मेंदूचा कोणता भाग जागा होतो ते पाहिलं. भीतीशी जोडलेला भाग आणि दृश्यांशी जोडलेला भाग पेटून उठला. त्याच वेळी डाव्या बाजूच्या, बोलण्याशी संबंध असलेल्या ब्रोका नावाच्या भागात हालचाल मंदावली. आठ माणसांवरून जगाचा नियम काढू नये, आणि त्यानंतरच्या अभ्यासांतही चित्र इतकं साफ निघालेलं नाही. पण अशा बायकांबरोबर काम करणाऱ्या समुपदेशकांना जे रोज दिसतं त्याच्याशी हे जुळतं. आठवण येते ती चित्रांच्या तुकड्यांत. भिंतीवरचं कॅलेंडर, बांगडी फुटल्याचा आवाज, गॅसवर करपलेल्या दुधाचा वास. आधी काय झालं आणि नंतर काय, हे सांगता येत नाही.

आणि तक्रार म्हटली की नेमका तोच क्रम लागतो. तारीख, वेळ, साक्षीदार. बाईच्या सांगण्यात तारखा मागेपुढे झाल्या की ‘खोटं बोलतेय’ असा शेरा पडतो. जिला खरोखर घाव बसला आहे तिचंच सांगणं जास्त विस्कळीत असू शकतं, हे तपास करणाऱ्या किती जणांना शिकवलं जातं?

रेषेला आणि रंगाला क्रम लागत नाही. कागदावर कॅलेंडर काढलं, त्याच्या खाली काळा चट्टा काढला आणि थांबलं, तरी चालतं. उरलेलं पुढच्या महिन्यात काढलं किंवा कधीच काढलं नाही, तरी चालतं. चित्रकलेच्या उपयोगाबद्दल नेहमी बोललं जातं ते ‘भावनांना वाट मिळते’ असं. ते खोटं नाही, पण मला अपुरं वाटतं. नुसती वाट मोकळी करून द्यायची तर रडूनही ती होते, आणि या बायका काही कमी रडलेल्या नसतात.

माझ्या मते कलेचं खरं काम दुसरीकडे आहे. घरातली हिंसा म्हणजे फक्त थप्पड नव्हे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ इव्हान स्टार्क यांनी २००७ मध्ये एक पुस्तक लिहून हे ठासून मांडलं की अशा नात्याचा गाभा ताब्यात ठेवणं हा असतो. कुठली साडी नेसायची, कुणाशी फोनवर बोलायचं, भाजीला किती पैसे, दार कधी उघडायचं, हे सगळं दुसरा ठरवतो. मारहाण हे त्या ताब्याचं एक हत्यार. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ पासून असा ताबा ठेवणं हाच गुन्हा झाला. आपला २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदाही शारीरिक मारापुरता थांबत नाही. लैंगिक, शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळ त्यात स्पष्ट नोंदलेला आहे.

अशी दहा-पंधरा वर्षं काढलेल्या बाईसमोर रंगांचा डबा ठेवा आणि म्हणा, हवा तो घ्या. ती विचारते, ‘कुठला घेऊ?’ पहिले काही दिवस हाच प्रश्न येत राहतो. कागद उभा धरू की आडवा? हे पुसलं तर चालेल का? या प्रश्नांना ‘तुम्ही ठरवा’ हे एकच उत्तर मिळत राहतं, आणि कधीतरी ती विचारायचं बंद करते. चित्र कसं झालं याला इथे काडीचं महत्त्व नाही. तिने निळा घेतला, तो आवडला नाही, वरून पिवळा मारला आणि त्याबद्दल तिला कुणी ओरडलं नाही. साध्यासुध्या निर्णयांचा सराव तिला इथे मिळतो, चुकलं तरी मार न पडणाऱ्या जागेत.

कला-उपचार शिकलेले लोक म्हणून साहित्य निवडताना फार काळजी घेतात. बाहेरच्याला वाटेल, जलरंग दिले की झालं. पण जलरंग पसरतात, हातात राहत नाहीत, आणि जिला आधीच सगळं हातातून निसटल्यासारखं वाटतंय तिला ते घाबरवू शकतात. म्हणून सुरुवात बहुधा पेन्सिल, तेलखडू किंवा जुन्या मासिकांतली चित्रं कापून चिकटवण्यापासून होते. कात्रणं चिकटवण्यात ‘मला चित्र येत नाही’ ही लाज आड येत नाही. माती नंतर. माती दाबता येते, आपटता येते, मोडून पुन्हा गोळा करता येतो. कधी कधी त्या आपटण्यातच खूप काही बाहेर येतं आणि तेव्हा सोबत जाणतं माणूस असावं लागतं. एक नेहमीचा खेळ पुठ्ठ्याच्या खोक्याचा आहे. खोक्याच्या बाहेरून लोकांना दिसणारी मी, आतून मला ठाऊक असलेली मी. झाकण लावायचं की नाही, लावलं तर कुणासमोर उघडायचं, हे ती ठरवते.

आणखी एक बाब जाणकार मंडळी पहिल्याच दिवशी ठरवून घेतात, जी आपल्या सहज लक्षात येणार नाही. चित्र राहणार कुठे? बाई अजून त्याच घरात राहत असेल तर पिशवीतून घरी नेलेला तो कागद तिच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून वही केंद्रातच कुलपात राहते, वहीवर नाव नसतं, आणि चित्र फाडून टाकायची मुभा तिला असते. चित्राचा अर्थ सांगायची घाईही तिथे कुणी करत नाही. काळा रंग म्हणजे निराशा, दार नसलेलं घर म्हणजे कोंडमारा, असले ठोकताळे मासिकांच्या पुरवण्यांत शोभतात. काळा रंग एवढाच की डब्यातला तोच खडू मोठा राहिला होता, असंही असू शकतं. ‘छान काढलंय हो’ हेही जपूनच म्हटलं जातं, कारण शाबासकीवर जगायची सवय लागलेल्या बाईला पुन्हा कुणाला तरी खूश करायचं काम लावल्यासारखं ते होतं.

‘आर्ट थेरपी’ हे नाव तसं अलीकडचं. एड्रियन हिल हे इंग्रज चित्रकार क्षयरोग होऊन आरोग्यधामात पडले होते, तिथे त्यांना चित्रं काढण्याने बरं वाटलं, शेजारच्या खाटांवरच्या रुग्णांनाही त्यांनी ते शिकवलं, आणि १९४२ मध्ये त्यांनी हा शब्द वापरला. गोष्ट मात्र जुनी आहे, आणि मराठी मुलखात तर ती फारच जुनी आहे.

सतराव्या शतकात वेरूळजवळच्या देवगावात जन्मलेल्या संत बहिणाबाई (१६२८–१७००) यांनी आपली जीवनकथा अभंगांत सांगितली आहे. बाळपणीच त्यांचं लग्न वयाने कितीतरी मोठ्या बिजवराशी झालं. कीर्तनाला जाण्याचं वेड, वासरावरची माया आणि पुढे तुकोबांना गुरू मानणं, हे सगळं नवऱ्याला सहन झालं नाही, आणि त्याने केलेली मारहाण त्यांनी लपवलेली नाही. मारणारा कोण, कशासाठी मारलं, लोक काय म्हणाले, स्वतःच्या मनात काय आलं, हे साडेतीनशे वर्षांपूर्वीची एक मराठी बाई छंदात बांधून ठेवते. आपण शाळेत बहिणाबाई म्हणजे भक्ती इतकंच शिकतो. घरातल्या हिंसेबद्दल स्वतः बाईने बोललेली भारतीय भाषांमधली ही फार महत्त्वाची साक्ष आहे, असं मला वाटतं.

आणि ज्यांना संतपण लाभलं नाही त्यांना जातं होतं. पहाटे उठून दळताना म्हटलेल्या ओव्या पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या अभ्यासकांनी १९८० च्या दशकापासून गावोगावच्या बायकांकडून गोळा केल्या. हा संग्रह एक लाखाहून जास्त ओव्यांचा झाला आणि आज तो ‘परी’ या संकेतस्थळावर ऐकायला मिळतो. सीतेचा वनवास, भावाची वाट, लेकीचं लग्न यांच्याबरोबर सासूचा जाच आणि नवऱ्याचा मार या ओव्यांमध्ये उघडपणे येतो. जात्याची घरघर अशी की पलीकडच्या खोलीत शब्द स्पष्ट ऐकू जात नाहीत. समोर बसून खुंटा धरणारी दुसरी बाई मात्र प्रत्येक शब्द ऐकते. ओवी कुणाच्याच मालकीची नसल्यामुळे ‘हे मी माझ्याबद्दल बोलले’ असा आळही येत नाही. हायनिसच्या पिवळ्या शर्टाला जी सोय होती तीच इथे आहे, शिवाय हाताला लय आहे आणि सोबतीला एक कान आहे. भोंडल्याच्या गाण्यांत सासरच्यांची जी टिंगल चालते तीही याच घराण्यातली, फक्त हसत हसत केलेली.

याचं कौतुक करताना थोडं सावरायला हवं. ओवीने बाईला पहाट सोसायचं बळ दिलं, पण दिवस उजाडल्यावर ती त्याच घरात वावरली. ओवी ऐकून सासऱ्याने मुलाला बाहेर काढल्याचं काही कुणी सांगत नाही. दुःख गाऊन हलकं होतं, म्हणून ते टिकूनही राहतं, हा धोका कलेत कायमचा आहे. पुढे गावात पिठाची गिरणी आली, बायकांचे हात मोकळे झाले, आणि ती एकांताची जागा गेली. गिरणी आली ते चांगलंच झालं. गेलेल्या जागेच्या बदल्यात आपण काही दिलं नाही, ही खरी गोष्ट आहे.

फलटणच्या बेबी कांबळे यांनी ती जागा चोरून मिळवली. घरच्या छोट्या दुकानात सामान बांधायला आलेली रद्दी वाचत वाचत त्या लिहू लागल्या, आणि लिहिलेलं नवऱ्याच्या नजरेआड, अडगळीत लपवून ठेवत गेल्या. हा लपंडाव सुमारे वीस वर्षं चालला. १९८२ च्या सुमारास ‘स्त्री’ मासिकातून ते लेखन छापून आलं आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झालं. गंमत अशी, गंमत हा शब्द इथे बरा नाही पण दुसरा सापडत नाही, की या पुस्तकात त्यांनी स्वतःच्या संसारातल्या मारहाणीबद्दल जवळजवळ काहीच सांगितलेलं नाही. ते सगळं पुढे इंग्रजी भाषांतर करणाऱ्या माया पंडित यांनी घेतलेल्या मुलाखतीत आलं. पुस्तक आहे ते महार समाजाच्या जगण्याबद्दल. म्हणजे वीस वर्षं जीव मुठीत धरून जे लिहिलं ते ‘माझं दुःख’ नव्हतंच. कलेने बरं व्हायला घाव दाखवावाच लागतो, ही समजूत त्यांच्याकडे पाहिलं की गळून पडते. आपल्याला ठाऊक असलेली एक मोठी गोष्ट आहे आणि ती सांगायचा हक्क आपल्याला आहे, एवढ्याने बाई ताठ उभी राहू शकते. उलट टोकाला मल्लिका अमर शेख यांचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ आहे. १९८४ मध्ये आलेल्या त्या आत्मकथनाने घरातलं काहीही झाकून ठेवलं नाही, आणि त्याची किंमतही लेखिकेनेच मोजली.

बिहारच्या मुझफ्फरपूर जिल्ह्यात भुसरा नावाचं गाव आहे. तिथे जुन्या साड्यांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने तान्ह्या बाळासाठी दुलई शिवायची रीत होती, तिला सुजनी म्हणतात. आपल्या गोधडीची ही सख्खी बहीण. १९८८ मध्ये ‘अदिती’ या संस्थेच्या विजी श्रीनिवासन यांनी ही मागे पडलेली कला गावातल्या बायकांसोबत पुन्हा उभी केली, आणि पाहता पाहता दुलईवरचे मोर आणि फुलं बाजूला होऊन दुसरीच चित्रं आली. हुंड्यासाठी छळ, दारू पिऊन मारणारा नवरा, मुलगी झाली म्हणून रडणारं घर, आणि त्याच कापडावर दुसऱ्या बाजूला पंचायतीत बोलायला उभी राहिलेली बाई. पांढऱ्या किंवा लाल कापडावर काळ्या साखळीटाक्याची रेघ, आत बारीक धावदोरा. २००६ मध्ये सुजनीला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि या कामात आयुष्य घालवलेल्या निर्मला देवींना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

सुजनीत जात्याला नव्हती ती एक गोष्ट आहे. पैसे. दुलई विकली जाते आणि पैसे बाईच्या हातात पडतात. मार खाऊनही बाई परत त्याच घरी का जाते, या सुशिक्षित प्रश्नाचं निम्मं उत्तर भाड्याच्या खोलीच्या डिपॉझिटमध्ये आहे. हातात चार पैसे आले तर निघायचं की राहायचं, हा प्रश्न तिला निदान पडू तरी शकतो. उपचार म्हणून कला आणि कमाई म्हणून कला अशी फारकत पाश्चात्त्य पुस्तकांत करतात. मला ती आपल्याकडे कृत्रिम वाटते. शिवाय गटात बसून शिवताना नजर कापडावर असते. एकमेकींच्या डोळ्यांत पाहावं लागत नाही. सुईत दोरा ओवता ओवता कुणी एखादं वाक्य बोलून जाते, दुसरी मान न उचलता ‘हं’ म्हणते, आणि बाकी काही बोलायची गरज उरत नाही. कोलकात्यात सोहिनी चक्रवर्ती यांनी २००४ मध्ये सुरू केलेल्या ‘कोलकाता संवेद’ संस्थेत हेच काम नृत्यातून होतं. ज्या शरीरावर दुसऱ्याने हक्क सांगितला ते आपल्या मर्जीने हलवायला तिथे शिकतात.

हे सगळं उपयोगी पडतं याला पुरावा काय? थोडा आहे, आणि जेवढा आहे तेवढाच सांगावा. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकून अमेरिकेत गेलेल्या गिरिजा कैमल यांनी २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ३९ प्रौढांना ४५ मिनिटं रंग, माती, कात्रणं यांच्याशी हवं ते करू दिलं आणि आधी-नंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाशी जोडलेलं संप्रेरक मोजलं. सुमारे ७५ टक्के लोकांत ते कमी झालं. कला येत असो वा नसो, फरक पडला नाही. पण हे लोक धडधाकट होते, हिंसेतून आलेले नव्हते, हे विसरून या प्रयोगाचे दाखले दिले जातात. त्याच्या कितीतरी आधी, १९८६ मध्ये, जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज १५ मिनिटं आपल्या आयुष्यातल्या जिव्हारी लागलेल्या प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. लिहिल्या लिहिल्या त्यांना जास्तच वाईट वाटलं, पुढच्या महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. घरगुती हिंसेतून आलेल्या बायकांबद्दलचे अभ्यास बहुतेक छोट्या गटांवरचे आहेत. कला हे औषध आहे असं म्हणण्याइतका पुरावा नाही. इतर मदतीबरोबर ती दिली तर फायदा होतो, असं म्हणायला जागा आहे.

इतर मदतीबरोबर, हे महत्त्वाचं. हार्वर्डच्या ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात आघातातून सावरण्याचे तीन टप्पे सांगितले. पहिला सुरक्षितता, दुसरा आठवण आणि शोक, तिसरा जगाशी पुन्हा नातं. पहिला झाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालू नये, हे त्यांनी बजावून सांगितलं. संध्याकाळी ज्या घरात परत जायचं आहे तिथे मार ठरलेला असताना दुपारी तिला घाव उकरून चित्र काढायला लावणं हा उपचार नव्हे. आपल्याकडे आठ मार्च जवळ आला की ‘पीडित महिलांच्या चित्रांचं प्रदर्शन’ भरतं, फीत कापली जाते, बाईला माइक देऊन ‘दोन शब्द’ बोलायला सांगतात आणि फोटो समाजमाध्यमांवर जातात. तो फोटो कोण पाहील याचा विचार आयोजकांनी केलेला असतोच असं नाही. ज्या चार भिंतींत तिच्या इच्छेला किंमत नव्हती त्या सोडून ती इथे आली, आणि इथेही तिला नको म्हणता येत नसेल, तर रंगांचा खर्च वाया गेला.

स्वतःहून दाखवणं निराळं. अमेरिकन छायाचित्रकार नॅन गोल्डिन यांना १९८४ मध्ये जोडीदाराने इतकं मारलं की डोळा जाता जाता वाचला. महिन्याभराने त्यांनी स्वतःचं छायाचित्र काढून घेतलं. डोळ्यात रक्त साकळलेलं, ओठांना लालभडक लिपस्टिक, गळ्यात मोती. आपण पुन्हा त्याच्याकडे जाऊ नये म्हणून ते जवळ ठेवलं, असं त्या सांगत आल्या आहेत. मेक्सिकोच्या एलिना शोव्हेत यांच्या बहिणीचा जीव तिच्या नवऱ्याने घेतला. २००९ मध्ये त्यांनी सिउदाद हुआरेस शहराच्या रस्त्यावर लाल बुटांच्या ३३ जोड्या मांडल्या. काय दाखवायचं, कुणाला, कधी, हे दोघींनी स्वतः ठरवलं.

आपल्या ओळखीत, इमारतीत, कामावर अशी कुणी असेल तर तिला वही आणि खडू द्यायला हरकत नाही, फक्त ‘दाखव बरं’ म्हणू नका, आणि वही तुमच्याकडे ठेवायची तयारी दाखवा. पण त्याआधी तिला १८१ हा महिला मदतीचा आणि ११२ हा तातडीचा क्रमांक ठाऊक आहे का पाहा. सरकारची ‘सखी’ केंद्रं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. मुंबईत ‘सेहत’ संस्था आणि महापालिका यांनी मिळून वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू केलेलं ‘दिलासा’ केंद्र आज दोन दशकांहून जास्त काळ चालू आहे. तिथे जखमेवर मलमपट्टी होते तेव्हाच समुपदेशकही भेटते. आणि ‘नवरा-बायकोच्या भानगडीत आपण कशाला पडा, उद्या आपल्यावरच शेकायचं’ असं वाटत असेल, तर २००५ च्या कायद्याचं चौथं कलम वाचून घ्या. घरात हिंसा होत आहे किंवा होण्याची शक्यता आहे असं ज्याला रास्त कारणाने वाटतं, तो कुणीही माणूस संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि चांगल्या हेतूने दिलेल्या या माहितीबद्दल त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कसलीही जबाबदारी येत नाही.